‘असं तर मलाही काढता येईल!’: मुलांना एक्स्प्रेशनिझम शिकवायचा तर सुरुवात रेषेपासून का करायची

चित्रकलेच्या पुस्तकात कधीतरी ते पान येतंच. लालभडक आकाश, पूल, आणि दोन्ही हात कानांवर दाबून उभा असलेला तो कवटीसारख्या चेहऱ्याचा माणूस. खाली दोन ओळींत माहिती, की भडक रंग वापरून भावना व्यक्त करणारी ही शैली, आणि लगेच स्वाध्याय: आनंद, दुःख, राग यांपैकी एक भावना रंगवा. मुलं काय काढतात ते सांगायला नकोच. दुःख म्हणजे निळा चेहरा आणि तीन अश्रू, राग म्हणजे लाल चेहरा आणि कानांतून वाफ, आनंद म्हणजे हसणारा पिवळा सूर्य. घरी आईबाबा ते बघतात आणि त्यांना कळत नाही की यात पोरगं नक्की शिकलं काय, आणि ते पुस्तकातलं चित्र एवढं जगप्रसिद्ध कशासाठी, ते तर धड काढलेलंही नाहीये!

गोंधळ रास्त आहे. माझं मत विचाराल तर ही सगळी गडबड रंगापासून सुरुवात केल्यामुळे होते. रेषेपासून केली तर हीच शैली आठ वर्षांच्या मुलालाही कळते, आणि मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

आधी एवढं एकच नाव समजून घेऊ

बाहेरची वस्तू जशी दिसते तशी न काढता ती बघताना आत काय झालं त्याप्रमाणे तिचे रंग, आकार, रेषा ताणायच्या, वाकवायच्या, मोडायच्या, या पद्धतीला एक्स्प्रेशनिझम म्हणतात, आपल्याकडे अभिव्यक्तिवाद. झालं, व्याख्या एवढीच.

ही चळवळ मुख्यतः जर्मनी आणि ऑस्ट्रियातली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १९०५ मध्ये ड्रेस्डेन शहरात आर्किटेक्चर शिकणाऱ्या चार पोरांनी (त्यातला अर्न्स्ट लुडविग किर्शनर पुढे सगळ्यात गाजला) ‘डी ब्र्युके’ म्हणजे पूल या नावाचा गट काढला. १९११ मध्ये म्युनिकला वासिली कान्डिन्स्की आणि फ्रांझ मार्क यांनी ‘डेर ब्लाउए राइटर’ म्हणजे निळा घोडेस्वार या नावाने दुसरा गट जमवला. व्हिएन्नात एगॉन शीले आणि ऑस्कर कोकोश्का आपापलं काम करत होते. या सगळ्यांच्या आधीचे दोघं म्हणजे नेदरलँड्सचा व्हॅन गॉग आणि नॉर्वेचा एडवर्ड मुंक. ते अशा कुठल्याच गटात नव्हते, पण पुढच्यांनी वाट धरली ती यांचीच.

इतिहास मुलांना एवढाच पुरे. सनावळ्या पाठ करून घेऊ नका, प्लीज.

रंग नको, आधी रेषा, असं का?

‘इकडे ये’ हे दोनच शब्द घ्या. लाडाने म्हणता येतात, दरडावून म्हणता येतात, घाबरून कुजबुजत म्हणता येतात, शब्द तेच राहतात पण समोरच्याला कळतं की आता काय होणार आहे. चित्रात हे आवाजाचं काम रेषा करते. काय काढलंय, म्हणजे झाड, घर, माणूस, ते झाले शब्द. आणि ती रेघ दाबून ओढलीय की अलगद, एका दमात आलीय की अडखळत, मध्येच थांबलीय का, पुन्हा पुन्हा गिरवलीय का, हा झाला आवाज.

रंगाचा घोटाळा असा की तो नुसता निवडताही येतो. राग म्हणजे लाल हे मुलाला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, ते शांतपणे लाल खडू उचलतं आणि शांतपणे चेहरा भरतं. हाताला राग लागतच नाही. रेषेत ही पळवाट नाही, कारण रेषा म्हणजे हात कसा हलला त्याची नोंद असते, आणि मुलांच्या बाबतीत तर हात, खांदा, कधीकधी बाहेर आलेली जीभसुद्धा!

पटत नसेल तर मुंकचंच उदाहरण घ्या. ‘द स्क्रीम’, म्हणजे पुस्तकातलं ते लालभडक आकाशाचं चित्र, त्याने एकदाच केलं नाही. १८९३ ची रंगीत आवृत्ती सगळ्यांना माहीत असते, पण १८९५ मध्ये त्याने त्याचंच लिथोग्राफ केलं, म्हणजे दगडावर चित्र काढून कागदावर छापलेलं, फक्त काळ्या शाईत. रंग पूर्ण गेला. तरी चित्राची धार तसूभर कमी होत नाही, काहींना तर ते जास्तच अंगावर येतं.

मुलांसमोर हे काळंपांढरं चित्र ठेवा आणि पाच मिनिटं काही बोलू नका. मग विचारा, सरळ रेषा कुठे कुठे आहेत? पुलाच्या कठड्याला आहेत, फळ्यांना आहेत, कागदाच्या एका कोपऱ्यातून सुसाट तिरक्या मागे जातात. आकाशात? तिथे एकही सरळ नाही, सगळ्या आडव्या लाटा. आता तो माणूस बघा, त्याचं अंग कुणासारखं आहे, पुलासारखं की आकाशासारखं? मुलं क्षणात सांगतात, तो पण वाकडा झालाय. आणि मागे ते दोघं चालतायत ना, ते बघा, ते सरळच्या सरळ उभे, पुलाच्या कठड्यासारखे. म्हणजे त्यांच्यापर्यंत ती लाट पोचलेलीच नाही.

संपलं. हे एकदा दिसलं की ‘भावना व्यक्त करणारी शैली’ वगैरे सांगायची गरज उरत नाही. मुंकने स्वतः लिहून ठेवलंय की दोन मित्रांबरोबर चालताना सूर्यास्ताच्या वेळी आकाश एकदम रक्तासारखं लाल झालं, मित्र पुढे निघून गेले, तो मात्र थरथरत तिथेच थांबला आणि सगळ्या निसर्गातून एक किंकाळी जातेय असं त्याला जाणवलं. हे आधी सांगू नका. चित्र बघून झाल्यावर सांगा, मुलं उड्या मारतात, की अरे, आम्हाला दिसलं होतं ते! (म्हणून तर त्याने कान झाकलेत. तो स्वतः किंचाळतोय असं आपण उगाच धरून चालतो.)

रेषा म्हणजे कुंपण, ही सवय आधी मोडावी लागते

रंग भरायच्या पुस्तकांनी एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसवलीय. रेषा म्हणजे वस्तूची हद्द, तिच्या आत रंग भरायचा, बाहेर गेला तर चूक. रेषा हेही काम करतेच, आणि त्यात वाईट काही नाही. पण ती वस्तूच्या आतही फिरू शकते, वस्तू सोडून जाऊ शकते, नुसती दिशा किंवा वेग दाखवू शकते, हे मुलांना कुणी सांगतच नाही.

यासाठी व्हॅन गॉगची १८८८ ची, दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात असतानाची रेखाचित्रं दाखवा. ती त्याने चक्क बोरूने काढलीत, तिथेच उगवणारी बोरूची काडी कापून, टोक करून, शाईत बुडवून. बोरूत शाई फार मावत नाही, दोन-तीन फटकाऱ्यांत संपते आणि परत बुडवावा लागतो, म्हणून रेघा आखूड होतात, सुरुवातीला जाड आणि शेवटी कोरड्या. या अडचणीतून त्याने एक अख्खी लिपीच तयार केली. गवताला उभे फटकारे, नांगरलेल्या मातीला ठिपके, झाडांना वेटोळी, आकाशाला कधी ठिपके तर कधी काहीच नाही. बाह्यरेषा शोधायला गेलात तर फार थोड्या सापडतील. मुलांना बोरू किंवा टोक काढलेली कसलीही काडी आणि शाई दिली की त्यांचा हात आपोआप असा चालायला लागतो, सांगावं लागत नाही. साधन बदललं की रेषा बदलते हा धडा फळ्यावर लिहून देण्यातला नाहीच.

किर्शनरचं याच्या उलट. त्याचा गट १९११ मध्ये बर्लिनला गेला आणि १९१३ ते १९१५ या काळात त्याने तिथल्या रस्त्यांची चित्रं केली, पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका, मागे गर्दी, सगळं निमुळतं आणि टोकदार, आणि त्यावर घाईघाईच्या तिरक्या रेघा. माणसं एकमेकांना खेटून चाललीत पण कुणाचा कुणाशी संबंध नाही, असं ते दिसतं. मोठ्या मुलांना विचारा की याच रस्त्यावरच्या सगळ्या रेषा गोल करून टाकल्या तर काय होईल. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

लाकडात कोरलेली रेषा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

एक्स्प्रेशनिस्ट मंडळी वुडकटच्या प्रेमात होती. वुडकट म्हणजे लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, वर शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबून ठसा घ्यायचा. जे कोरून काढलं ते पांढरं राहतं, जे शिल्लक राहिलं ते काळं छापतं. म्हणजे एक काळी रेघ हवी असेल तर ती काढता येतच नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं आणि मधे ती उरते. शिवाय लाकडाला रेषे असतात, त्यांच्या बाजूने हत्यार भसकन जातं आणि आडवं नेलं तर अडतं, छिलके उडतात. खोडायची सोय नाही. त्यामुळे या रेषेत एक झटापट दिसते, कोन येतात, गुळगुळीतपणा राहत नाही.

केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचं उदाहरण मोठ्या मुलांना, म्हणजे साधारण बारा वर्षांच्या पुढे, जरूर सांगावं. ऑक्टोबर १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, तिचा अठरा वर्षांचा मुलगा पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. स्वेच्छेने सैन्यात गेला होता, वडिलांचा विरोध होता आणि परवानगी मिळावी म्हणून आईनेच शब्द टाकला होता. या विषयावर तिने आधी धातूच्या पत्र्यावर करून बघितलं, दगडावर करून बघितलं, समाधान होईना. मग १९२० मध्ये एर्न्स्ट बारलाख या जर्मन शिल्पकाराचे वुडकट बघितले आणि तिला सापडलं. ‘युद्ध’ नावाची तिची सात वुडकटची मालिका १९२३ मध्ये आली.

त्यातलं ‘आईवडील’ बघा. दोघं गुडघ्यांवर बसलेत, एकमेकांत इतके मिटलेत की एकच काळा ढीग वाटावा. आईचा चेहरा दिसत नाही. वडिलांनी एका हाताने स्वतःचा चेहरा झाकलाय. म्हणजे चित्रात चेहरा नाही, अश्रू नाही, रंग नाही. आहेत त्या पांढऱ्या ओरखड्यांच्या रेषा, पाठीवरून, बाहीवरून, हाताच्या हाडांवरून गेलेल्या, आणि त्या प्रत्येक ठिकाणी हत्यार आत घुसलेलं आहे. दुःख म्हणजे निळा चेहरा आणि तीन अश्रू, याचं याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

लहान मुलांच्या हातात कोरायची हत्यारं द्यायची नाहीत हे उघड आहे. त्याऐवजी थर्माकोलची पातळ शीट घ्या, बोथट पेन्सिलीने दाबून चित्र काढा, वर रंगाचा रूळ फिरवा आणि कागदावर ठसा घ्या. दाबलेली रेघ पांढरी येते, चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, आणि हळू दाबलेलं असेल तर रेघ येतच नाही. बिचकत काढणाऱ्या मुलाला ‘जोर लाव’ हे कागदाने सांगितलेलं बरं, आपण सांगण्यापेक्षा.

मग भावना काढायला सांगायचीच नाही?

नाही सांगायची, निदान सुरुवातीला तरी. भावनेचं नाव घेतलं की मुलं इमोजीकडे धावतात. त्याऐवजी क्रियापदं द्या. रेघ ओढ, ढकल, घसरव, ठेचकाळव, लपव, पळव, थकव. ‘थकलेली रेघ’ म्हटलं की मूल हात खाली खाली नेतं, मध्ये थांबतं, शेवटी पेन्सिल कागदावरून निसटूच देतं. ‘दुःखी रेघ’ म्हटलं असतं तर अश्रू आला असता. या एका बदलाने वर्गातली चित्रं बदलतात.

दुसरं म्हणजे खुर्ची. १८८८ च्या शेवटी, त्याचा चित्रकार मित्र गोगँ त्याच्याकडे राहायला आला तेव्हा, व्हॅन गॉगने दोन खुर्च्या रंगवल्या. एक स्वतःची, साधी, जाड सरळ पायांची, बसायला गवताची वीण, तिच्यावर पाइप आणि तंबाखू. दुसरी गोगँची, हातांची, वळणदार, तिच्यावर पेटलेली मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. माणूस एकाही चित्रात नाही, तरी दोन माणसं वेगळी कळतात. ही जोडी दाखवा आणि मग मुलांना समोरची एकच खुर्ची दोनदा काढायला सांगा. एकदा, हिच्यावरून आत्ताच कुणीतरी भांडून उठून गेलंय. दुसऱ्यांदा, हिच्यावर आजी रोज दुपारी बसते. माणूस काढायचा नाही, रंग नाही, काळा खडू फक्त.

वेळही कमी द्या. ड्रेस्डेनची ती मंडळी मॉडेल समोर बसवून चित्रं काढायची तेव्हा दर पंधरा मिनिटांनी मॉडेलने पोज बदलायची असा त्यांचा रिवाज होता, म्हणजे सुबक करत बसायला वेळच नको. मुलांना पंधरा मिनिटंही जास्त होतात, तीन द्या. आणि खोडरबर गोळा करून घ्या. ओरड होईल, होऊ दे.

‘पण आधी नीट काढायला तर शिकू दे’

ही शंका सगळ्यात जास्त येते आणि ती खोटी नाही. शीले सोळाव्या वर्षी व्हिएन्नाच्या कला अकादमीत दाखल झाला होता, कोलविट्झचं शिक्षण रीतसर झालं होतं, यांना ‘नीट’ काढता येत नव्हतं म्हणून त्यांनी वाकडं काढलं असं अजिबात नाही.

पण मुलांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. अगदी लहान मूल रेघोट्या मारतं तेव्हा त्याची रेषा जिवंतच असते. साधारण नऊ-दहाच्या आसपास त्याला आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ हवं असतं, ते जमत नाही, आणि मग ‘मला चित्र येत नाही’ म्हणून अनेकजण कायमचे थांबतात. नेमकं याच वयात त्यांना दाखवायला हवं की खऱ्यासारखं काढणं ही एक वाट आहे, एकमेव नाही. दोन्ही शिकवा की. सोमवारी खुर्ची मोजूनमापून, गुरुवारी भांडलेली खुर्ची. एकाने दुसरं बिघडत नाही.

‘असं तर माझं मूलही काढेल’

हो, आणि हे त्या चित्रकारांना सांगितलं असतं तर त्यांना ते कौतुकच वाटलं असतं. निळ्या घोडेस्वारवाल्यांनी १९१२ मध्ये जे पुस्तक काढलं त्यात लहान मुलांची चित्रं मुद्दाम छापली होती, आणि कान्डिन्स्की व त्याच गटातली चित्रकर्ती गाब्रिएले म्युंटर मुलांची चित्रं जमवायचे. व्हिएन्नात फ्रांझ चिझेक १८९७ पासून मुलांचा कलावर्ग चालवत होता, आणि १९०८ च्या ज्या मोठ्या प्रदर्शनात कोकोश्का पहिल्यांदा लोकांसमोर आला त्यात त्या वर्गातल्या मुलांच्या कामालाही जागा होती.

फरक आहे तो हा, की मुलाला दुसरा काही मार्ग माहीत नसतो म्हणून ते तसं काढतं, आणि किर्शनर दुसरे मार्ग माहीत असून हा निवडतो. थट्टा मात्र जपून करावी. जुलै १९३७ मध्ये नाझी सरकारने म्युनिकला या मंडळींची आणि इतर आधुनिक चित्रकारांची साडेसहाशेच्या आसपास कामं ‘विकृत कला’ म्हणून टांगली, भिंतींवर टवाळीची वाक्यं लिहून, आणि एकट्या किर्शनरची सहाशेच्या वर कामं म्युझियममधून काढून नेली.

नागमोडी म्हणजे भीती, टोकदार म्हणजे राग, असा तक्ता करून द्यावा का?

असे तक्ते खूप फिरतात. नको. ‘द स्क्रीम’मध्ये वळणदार रेषांनी धडकी भरते. फ्रांझ मार्कच्या १९११ च्या मोठ्या निळ्या घोड्यांच्या चित्रातही सगळी वळणंच आहेत, घोड्यांच्या माना, पाठी आणि मागच्या लाल टेकड्या एकमेकींना जुळत जातात, आणि ते चित्र बघून इतकं निवांत वाटतं. तीच वळणं! फरक पडतो तो ती कशाशेजारी आहेत त्याने. मुंकने लाटांना सरळ पूल आडवा घातला, मार्कने काहीच आडवं घातलं नाही. तक्ता पाठ करून हे दिसत नाही, दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवून दिसतं. (लहानांसाठी घोडेच घ्या. शीलेची चित्रं स्वतः चाळून मगच दाखवा, बरीचशी मुलांसाठी नाहीत.)

मूल भयाण काहीतरी काढेल त्याचं काय?

काढेल कधीकधी. काळाकुट्ट ठसा, फाटेपर्यंत गिरवलेला कागद. एका चित्रावरून मुलाच्या मनाचं निदान करायला बसू नका, बहुतेक वेळा त्याला खडू दाबायला मजा आलेली असते. सतत तेच येत असेल आणि वागण्यातही फरक दिसत असेल तर ती वेगळी गोष्ट, मग त्याच्याशी बोला, चित्राशी नाही. ‘द स्क्रीम’च्या १८९३ च्या रंगीत आवृत्तीवर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलंय की हे फक्त वेडा माणूसच काढू शकेल. कुणा प्रेक्षकाने खोडसाळपणा केला असं बरीच वर्षं मानत होते, २०२१ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तपासून सांगितलं की अक्षर मुंकचंच. मुलांना ही गोष्ट भयंकर आवडते.

आणि मार्क्स कसे द्यायचे?

द्यावेच लागत असतील तर एका चित्राला देऊ नका. तीन-चार घ्या आणि शेजारी मांडून बघा. रेषा बदललीय का, की सगळीकडे तीच एक सावध रेघ आहे? ‘भांडलेली’ खुर्ची आणि ‘आजीची’ खुर्ची नावं झाकूनही ओळखू येतात का? मुलाला विचारा, यातली कुठली रेघ तुला परत काढायला आवडेल, आणि ते बोट ठेवून दाखवू शकलं तर त्याला विषय कळलाय. चित्र सुबक आहे का हा रकाना या स्वाध्यायापुरता कोरा सोडा. रंग भरायचा हट्ट असेल तर चित्राची फोटोकॉपी काढून तिच्यावर भरू दे, मूळ कागदावर नको.